सावकाश होऊ द्या

परप्रांतात वर्षानुवर्षे काढलेला मराठी माणूस पुष्कळ गोष्टी विसरतो. तिथी विसरतो, चुलत भावंडांच्या मुलांची नावे विसरतो, प्रसंगी स्वतःच्या भाषेतील एखादा साधा शब्दही त्याला ऐन वेळी आठवत नाही. पंगतीतले एक वाक्य मात्र त्याच्या जिभेवर कायम असते: ‘सावकाश होऊ द्या.’ यजमानाने एवढे म्हटले की पानावर बसलेल्याने समजावे, अन्न भरपूर आहे, वाढपी पुन्हा येणार आहे, आणि शेजारच्याचे आटोपले म्हणून आपण गडबडीने ताकभात कालविण्याचे कारण नाही. इतका मोठा दिलासा तीन शब्दांत देण्याची सोय दुसऱ्या कोणत्या भाषेत असेल असे आम्हांस वाटत नाही. कलकत्त्यास आल्यापासून (सरकारी कागदांत २००१ पासून या नगरीचे नाव कोलकाता झाले आहे, पण आमची जीभ जुन्या वळणाची) हे वाक्य आम्ही दिवसातून दोनदा उच्चारतो. फरक इतकाच की, ज्यांना उद्देशून ते उच्चारतो ती चौघे चार पायांवर उभी असतात. आणि पहिल्या वर्षी तर आमचे वाक्य पुरे होण्यापूर्वी त्यांतील दोघांचे जेवण पुरे झालेले असे.

चार कुत्री बाळगण्याचा आमचा संकल्प कधीच नव्हता. चार कुत्री शोभतात ती दत्तगुरूंच्या चरणांपाशी. तेथे ती चार वेद आहेत असे आपण मानतो, आणि वेदांना दोन वेळचे जेवण लागत नाही. सॉल्ट लेकमधील आमच्या सरकारी निवासस्थानात दोन निजावयाच्या खोल्या, एक बैठकीची, एक स्वयंपाकघर आणि वाळत घातलेल्या कपड्यांनी सदैव भरलेला व्हरांडा. एवढ्यात चार वेद मावणे कठीणच. पण बदली हा ज्यांच्या आयुष्यातला सातवा ऋतू आहे अशा माणसांत आम्ही राहतो. हुकूम निघाला की लोक फ्रीज नेतात, मोटार नेतात, तुळशीची कुंडीसुद्धा गोणपाटात बांधून नेतात. कुत्र्यापाशी मात्र गाडी अडते. नवी जागा नवव्या मजल्यावर असते, घरमालक नको म्हणतो, धाकट्या मुलीला दमा जडलेला असतो, किंवा नेमणूकच समुद्रापलीकडे झालेली असते. मग एके दिवशी संध्याकाळी शेजारचे गृहस्थ दारात उभे राहतात. त्यांच्या हातात साखळी असते, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकास काय चालले आहे याची सुतराम कल्पना नसलेला एक जीव असतो. ‘थोडे दिवस ठेवाल का?’ हे ‘थोडे दिवस’ आपल्या टिपणीतील ‘यथावकाश’ या शब्दाच्याच कुळातले असतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

अशा रीतीने राजा आला. हा खोल छातीचा, तरणाबांड आल्सेशियन. त्याचे गढवाली मालक पोर्ट ब्लेअरला गेले. त्यापाठोपाठ दिल्लीस बदली झालेल्या एका मल्याळी कुटुंबाची लॅब्राडॉर कुत्री ब्राउनी आली. नागपूरच्या एका स्नेह्यांचा पग चिंटू हा तिसरा. चौथी खुकी. ती मात्र कोणाची ठेव नव्हे. भर पावसात जिन्याखाली भिजत पडलेले हे पोर रखवालदाराने उचलून आमच्या दारी आणले आणि तोच तिला खुकी, म्हणजे छोकरी, म्हणू लागला. आपण जिला गावठी म्हणतो तिला बंगालीत नेडी म्हणतात. खुकी अस्सल नेडी आहे: तांबूस अंग, उभे कान, आणि जगाविषयी एक स्थायी संशय.

या चौघांना आम्ही प्रथम एकाच ओळीत, एकसारख्या चार स्टीलच्या भांड्यांत वाढीत असू. आमच्या सौ. नी या पंगतीचे जे निरीक्षण केले ते कोणत्याही तपासणी अहवालास शोभेल असे होते. राजा अन्न खात नसे, ते ओढून घेत असे. घड्याळ लावून पाहिले तेव्हा त्याचे पूर्ण जेवण ४५ सेकंदांत आटोपले. ब्राउनीस मिनिटभर लागे, पण तिचे जेवण स्वतःच्या भांड्यापाशी संपत नसे. पगाचे तोंड म्हणजे जणू दारावर आपटून सपाट झालेले; भाताचे शीत पकडावयास त्याला भांड्याच्या काठाशी झटापट करावी लागे, मध्ये थांबून घरघरत श्वास घ्यावा लागे, आणि त्याचे निम्मे होते न होते तोच ब्राउनीचे रुंद डोके मधे येई. तो निमूटपणे बाजूस होई. खुकी उभ्यानेच जेवे, अंग अर्धे दाराकडे वळलेले. एक घास घ्यावा, मागे पाहावे, दुसरा घ्यावा, पुन्हा मागे पाहावे. पण या दोन पाहण्यांच्या मध्ये ती जे गिळे त्याचा वेग राजालाही लाजविणारा होता.

कुत्रे भराभर खाते म्हणून त्याला अधाशी म्हणणे अन्यायाचे आहे. माणसाच्या लाळेत पिष्टमय अन्न पचविणारा पाचकरस असतो, म्हणून आपल्याला बत्तीस वेळा चावण्याचा उपदेश होतो. कुत्र्याच्या लाळेत तो जवळजवळ नसतोच. त्याचे पचन पोटात सुरू होते, आणि पोटाची पिशवी अशी की एका वेळी बरेच साठवून ठेवावे. लांडग्यांच्या कळपात शिकार रोज मिळत नाही, आणि मिळाली तर शेजारचा लांडगा ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत नाही. माणसाच्या उंबरठ्यावर आल्यावर कुत्र्याने भात-भाकरीशी जमवून घेतले ते मात्र खरे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, पिष्ट पचविण्याची आनुवंशिक तरतूद लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी पटींनी वाढलेली आहे. म्हणजे आमच्या घरचा भात ही त्याच्यावर लादलेली शिक्षा नाही. ब्राउनीविषयीही विज्ञानाने दयाबुद्धीच दाखविली आहे. केंब्रिज येथील संशोधकांना २०१६ साली असे आढळले की, सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉर कुत्र्यांत भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा काही भाग गळालेला असतो, आणि अशी कुत्री अन्नाच्या मागे अधिक लागतात. ही बातमी आम्ही सौ. ना वाचून दाखविली तेव्हापासून ब्राउनीस ‘हावरट’ हा शब्द आमच्या घरात वर्ज्य झाला आहे.

तरीही राजाचे ४५ सेकंद दृष्टीआड करण्यासारखे नव्हते. पोर्ट ब्लेअरहून त्याच्या मालकांचे पत्र आले. त्याच विणीतला राजाचा सख्खा भाऊ सिलिगुडीस एका कुटुंबात होता. रात्री जेवला, तासाभरात त्याचे पोट नगाऱ्यासारखे फुगले, ओकाऱ्या काढू लागला पण बाहेर काही पडेना, आणि पहाटेपर्यंत सारे संपले. फुगलेल्या जठरास पीळ पडला होता. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हा विकार आढळतो आणि शस्त्रक्रिया वेळेवर झाली नाही तर काही तासांत प्राण घेतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली मोठ्या व महाकाय जातींचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात हा धोका वाढविणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत: वाढते वय, सख्ख्या नात्यात हा विकार, भराभर खाणे, आणि उंच ठेवलेले भांडे. पहिल्या दोन गोष्टींत आमचा इलाज नव्हता. उरलेल्या दोन मात्र घरात बसून सुधारण्याजोग्या होत्या. पत्राच्या शेवटी मालकांनी लिहिले होते, ‘त्याला जरा हळू जेवू घाला.’ त्या ‘जरा’ शब्दात समुद्र ओलांडून येऊ न शकणाऱ्या माणसाची सगळी अगतिकता होती.

त्याच सुमारास चिंटूचे वजन केले. आठ किलोंचा कुत्रा साडेसहावर आला होता.

हळू जेवण्याचे शिक्षण वास्तविक या शहराने जगास द्यावे. आपले ताट एकदाच भरते: डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भात, मग ज्याने त्याने आपला वेग ठरवावा. बंगाली जेवण क्रमाने येते. आधी कडू शुक्तो, मग डाळ, मग भाजी, मग मासा, मग चटणी, शेवटी मिष्टान्न. घाई करणारा शुक्तोपाशीच अडतो. आणि एवढे करूनही कोणी वेग घेतलाच तर त्याच्यासाठी वर्षाकाळी इलिश आहे. या माशात बारीक काट्यांचे असे जाळे असते की, मोठमोठे साहेबलोकही त्याच्यापुढे नम्र होतात आणि एकेक घास जिभेने तपासून घेतात. आमचे शेजारी एक वयोवृद्ध दादा इलिश खाताना बोलतसुद्धा नाहीत. निसर्गाने घडविलेला स्लो फीडर तो हाच, असे आम्हांस त्यांच्याकडे पाहताना नेहमी वाटते.

स्लो फीडर हे नाव एव्हाना कुत्रेवाल्या घरांतून रुळले आहे. भांड्याच्या तळाशी उंचवटे, भिंती, नागमोडी वाटा अशी काही रचना करावयाची की, अन्न तोंडभर उचलता येऊ नये, चिमटी-चिमटीने चाटून काढावे लागावे. कल्पना सोपी आहे. एक कुत्रे असलेल्या घरात तिची निवडही सोपी आहे. चार कुत्र्यांच्या घरात ती का सोपी नाही हे आम्हांस आमच्या पशुवैद्यांनी सांगितले. बेलगाछियाचे पशुवैद्यक महाविद्यालय १८९३ सालचे. तेथे शिकलेले हे सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ आमच्या वसाहतीपासून जवळच बसतात. आम्ही राजाच्या जेवणाचा वेग सांगितला, अन्नाचे प्रमाण सांगितले. ते ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, ‘तो काय खातो ते कळले. कोणाच्या शेजारी खातो?’

मग त्यांनी एका घराची हकीगत सांगितली. त्या घरी दोन कुत्री चार वर्षे गुण्यागोविंदाने राहत होती. मालकाने दोघांसाठी महागडी स्लो फीडर भांडी आणली आणि तिसऱ्याच दिवशी एकाचा कान फाटला. पूर्वी दोघांचे जेवण मिनिटभरात संपे. भांडावयास वेळच नसे. आता एकाची वाट लवकर सुटली, दुसऱ्याचे अन्न भिंतींच्या आड अडकून राहिले, आणि मोकळा झालेला पहिला त्याच्याकडे बघत उभा राहिला. ‘भांडे जेवण लांबविते,’ डॉक्टर म्हणाले, ‘त्याबरोबर भीतीही लांबविते. तुमच्या घरी चौघांचे जेवण एकाच वेळी संपेल असे करा. नाहीतर भांडी आणूच नका.’

हा सल्ला आमच्या मते लाख मोलाचा आहे, आणि तो आम्ही तंतोतंत पाळला. एकाचे पान रिकामे आणि दुसऱ्याचे भरलेले, या अंतरातच सगळा तंटा असतो. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाची कुत्री म्हणवितात; विधीच्या वेळी कोटंब्यात अन्न घातले की ते भुंकत, एकमेकांवर गुरगुरत त्यावर तुटून पडतात. मल्हारीच्या या भक्तांनी कुत्र्याचे सोंग आणताना भुंकण्याइतकेच पात्रावरचे भांडणही आवश्यक मानले, यावरून आपल्या पूर्वजांचे निरीक्षण किती पक्के होते ते दिसते.

भांड्यांच्या शोधार्थ आम्ही एका रविवारी गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारास गेलो. बागबाजारच्या टोकास, कालव्याच्या कडेने दर रविवारी हा बाजार भरतो. पक्षी, रंगीत मासे, रोपे, पिंजरे, पिलावळ, साखळ्या आणि या सर्वांवर तरंगणारा कोलाहल. येथून हाकेच्या अंतरावर मराठा डिच लेन नावाची एक गल्ली आहे. आपल्या घोडदळाच्या धास्तीने १७४२ साली इंग्रजांच्या कलकत्त्याभोवती जो खंदक खणावयास घेतला त्याचे हे नाव. खंदक पुरा झालाच नाही, पुढे बुजविला गेला, पण बंगालच्या आठवणीत बर्गी अद्याप आहेत. दुसऱ्याच्या ताटातले भराभर उचलून पसार होणारे पाहुणे, अशीच ती आठवण आहे. त्या गल्लीशेजारी उभे राहून एका मराठी इसमाने जेवण सावकाश करविणाऱ्या भांड्याची घासाघीस करावी, यातली मौज विक्रेत्याच्या ध्यानात येणे शक्य नव्हते.

बाजारात तऱ्हा पुष्कळ. सर्वांत अधिक खप प्लॅस्टिकच्या भुलभुलय्याचा. हिरव्या-निळ्या रंगाचा, तळाशी चक्रव्यूह. ज्या घरी पाकिटातले कोरडे दाणे घालतात तेथे तो उत्तम चालत असेल. आमच्या घरी भात, उकडलेली कोंबडी, लाल भोपळा आणि शेवटी दह्याचे बोट. असले ओले अन्न अरुंद फटींत जाऊन बसते आणि जीभ तेथे पोचत नाही. पुन्हा कलकत्त्याची हवा. भाद्रपदात येथे सकाळचा भात दुपारपर्यंत आंबतो. चक्रव्यूहाच्या कोपऱ्यांत शिळी शिते राहिली तर मुंग्यांचा अभिमन्यू आत शिरलाच म्हणून समजा, आणि तो सुखरूप बाहेरही येतो. दाताचे ओरखडे पडलेले प्लॅस्टिक कितीही घासले तरी बुळबुळीत राहते. चावरे कुत्रे असेल तर भिंतीचा तुकडा मोडून गिळण्याचीही भीती. दुसरा प्रकार चौरंगावर बसविलेल्या भांड्यांचा. दिसावयास हा मोठा राजेशाही, आणि म्हाताऱ्या, मान आखडलेल्या कुत्र्यांसाठी लोक तो घेतात. पण पर्ड्यूच्या त्या अभ्यासानंतर राजाच्या बाबतीत त्याचा विचारही करावयाचा नव्हता. भांड्यात एक मोठा गुळगुळीत दगड ठेवावा असेही काहीजण सुचवितात. युक्ती स्वस्त आहे. दगड कुत्र्याच्या जबड्यात मावणार नाही एवढा मोठा हवा, इतकेच पथ्य. तिसरा प्रकार आम्हांस आवडला. स्टीलचे जड पसरट भांडे, मधोमध उपड्या वाटीसारखा घुमट, खाली रबराची कड. आपण वरणासाठी भाताला आळे करतो, त्याच्या नेमका उलट हा प्रकार: मध्ये डोंगर, भोवती भाताची खाई. तोंड एकदम भरत नाही, कुत्रे गोल फिरत खाते, आणि घासणाऱ्या मासीस एका हाताने सारे भांडे स्वच्छ करता येते. हा शेवटचा गुण दुकानदार सांगत नाहीत. पण ज्या घरी दिवसाला आठ भांडी निघतात तेथे निम्मा निकाल त्यावरच लागतो.

ते भांडे ब्राउनीस घेतले. राजाचा जबडा लांब आणि जिभेचा पल्ला मोठा. घुमटाभोवतीचा भात तो दोन मिनिटांत फस्त करील हे उघड होते. त्याला मोठ्या परातीएवढा पसारा, रुंद वाटा आणि हलणार नाही असे वजन हवे होते, आणि तसे काही बाजारात मिळेना. तेव्हा आम्ही उल्टाडांग्याजवळ दक्षिणदाडीच्या कुंभारवाड्यात गेलो. दिवाळी जवळ आलेली. ओल्या पणत्यांच्या राशी मांडलेल्या. कागदावर काढून दाखविलेले चित्र कुंभाराने उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ‘कोणत्या पूजेला लागते हे?’ कुत्र्याच्या जेवणाला, म्हटल्यावर तो हसला नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. त्याने कुत्र्याच्या तोंडाची लांबी विचारली. मग आपल्या लहानपणी ज्याला परळ म्हणत तसे एक जाड, रुंद, उथळ पात्र त्याने चाकावर उतरविले आणि मातीचे पाच ढिसाळ गोळे तळाशी दाबून बसविले. दोन गोळ्यांमध्ये तीन बोटांचे अंतर, कोठेही धार नाही, कोपरा नाही. अशी दोन पात्रे आम्ही भाजून घेतली. कच्ची भाजलेली माती स्निग्धांश शोषते, म्हणून एक वापरात आणि एक कढत पाण्याने धुऊन उन्हात, असा फेरा ठेवला आहे. महिन्या-दीड महिन्याने जोडी टाकावयाची आणि नवी आणावयाची. ज्या शहरात चहा पिऊन मातीचे भांड रस्त्यात फोडतात तेथे या उधळपट्टीचे कोणास नवल वाटत नाही.

चिंटूसाठी काहीच विकत घेतले नाही. चपट्या तोंडाच्या कुत्र्यास उंचवट्यांचे भांडे दिले तर त्याचा श्वास कोंडतो, आणि बाहेर आलेल्या डोळ्यांस भिंतीची कड लागते. त्याला सावकाश जेवावयास शिकवावे लागत नाही. त्याचा सावकाशपणा सांभाळावा लागतो. घरातली एक जुनी उथळ ताटली त्याला पुरली. सौ. नी एवढेच केले की, वाढण्याचा क्रम बदलला. ज्याला सर्वांत अधिक वेळ लागतो त्याचे पान आधी. चिंटूचे वाढून तीन मिनिटे झाली की राजाचे, मग ब्राउनीचे. आपल्या पंगतीत वृद्धांस आधी वाढीत, त्यामागे हाच हिशेब असला पाहिजे. जागाही वाटून दिल्या: चिंटू स्वयंपाकघरात, राजा व्हरांड्यात, ब्राउनी बैठकीत, आणि मधली दारे लोटलेली. रस्त्यावरच्या कुत्र्यांना कोठे खाऊ घालावे हा प्रश्न २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि प्रभागवार जागा नेमून देण्याचा आदेश झाला. आमच्या घरातील प्रभागरचना तेवढी गुंतागुंतीची नाही, परंतु तिची अंमलबजावणी रोज दोन वेळा होते.

राजास आता सात मिनिटे लागतात, ब्राउनीस सहा, चिंटूस दहा. वाढण्यातले अंतर धरले तर तिघांचे जेवण जवळजवळ एकत्रच संपते. भांडी उचलल्यावरच दारे उघडतात. चिंटू चार महिन्यांत साडेसात किलोंवर आला. राजाचे पोट रात्री जेवणानंतर हाताने चाचपून पाहण्याची सवय मात्र आम्हां दोघांनाही जडली आहे, आणि ती सुटेल असे वाटत नाही. पोर्ट ब्लेअरला मातीच्या पात्राचे छायाचित्र पाठविले होते. उत्तर आले ते एका ओळीचे: राजा अजून जेवण्यापूर्वी उजवा पंजा उचलतो का? उचलतो. आम्हांला ती खोड आमच्या घरी लागली असे वाटत होते.

राहिली खुकी. तिला घुमटाचे भांडे दाखविले. तिने दुरून वास घेतला आणि उपाशी राहिली. कुंभाराचे पात्र मांडले. तिने पंजाने ते भिंतीपर्यंत ढकलीत नेले, कडेचा भात गिळला आणि गोळ्यांमधला तसाच सोडून दाराशी जाऊन बसली. अन्न आणि आपण यांच्यामध्ये कोणी काही अडथळा ठेवतो आहे, एवढाच तिने त्याचा अर्थ घेतला असावा. आणि जिन्याखालच्या पावसात आयुष्य सुरू झालेल्या जीवाने दुसरा अर्थ का घ्यावा? कुत्र्याने पोळी पळविली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. संतांचा भाव थोरच. परंतु त्या कुत्र्याच्या बाजूने पाहिले तर मागून कोणी धावत येत आहे एवढेच त्याला कळले असणार, आणि त्याने ती पोळी कोरडीच, न चावता गिळली असणार. खुकीच्या मागे तूप घेऊन धावण्यात अर्थ नव्हता.

तिचे जुने साधे स्टीलचे भांडे परत काढले. आतल्या खोलीत, पलंग आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत ते ठेवून, जेवण घातल्यावर दार पूर्ण बंद करावयाचे आणि आत कोणी थांबावयाचे नाही, असे सौ. नी ठरविले. अन्नही एकदम न घालता तीन वेळा थोडे-थोडे. पहिले कित्येक दिवस दाराबाहेरून भांडे फरशीवर आपटल्याचा तोच घाईचा आवाज येई. मग तो आवाज हळूहळू विरळ झाला. पौषातल्या एका सकाळी बराच वेळ आतून काहीच ऐकू आले नाही, म्हणून सौ. नी खिडकीच्या फटीतून पाहिले. खुकी भांड्याभोवती पुढचे पाय पसरून बसली होती आणि बसल्या-बसल्या जेवत होती. दाराकडे तिची पाठ होती. घरात आल्यापासून तिला जेवताना बसलेली आम्ही पाहिली नव्हती. मासीने कौतुकाने दार उघडावयास हात घातला, सौ. नी तिला खुणेनेच थोपविले.

सांप्रत आमच्याही बदलीची बोलवा आहे. चौघांना घेऊनच जावयाचे हे ठरलेले असून रेल्वेच्या नियमांची चौकशी झाली आहे, आणि कुंभाराकडून चार पात्रे अधिक करवून भुसकटात बांधून ठेविली आहेत. निवासस्थानाच्या अर्जात ‘विशेष आवश्यकता असल्यास नमूद करावी’ असा एक रकाना असतो. त्यात आम्ही लिहिले आहे: ‘मजला कोणताही चालेल, चार स्वतंत्र दारे बंद होणारी असावीत.’ पुढे ‘कारण’ असा आणखी एक रकाना आहे. संबंधित लिपिकाने दोनदा आठवण करूनही तो अजून कोराच आहे, सौ. चे म्हणणे, खरे तेच लिहावे.